चूल ज्याची, पावती त्याची

या, असे जवळ सरकून बसा. पेटीवाले अजून भाता पुसताहेत, टाळ पिशवीतून निघायचे आहेत, बुवांचा चहा संपायचा आहे. तेवढ्यात एक गोष्ट होऊन जाईल. देवाधर्माची गोष्ट तर आपण रोजच ऐकतो. आज ऐका परळच्या भोईवाड्यातल्या एका चाळीची. तीत राजा नाही, राक्षस नाही. एक खानावळवाली आहे आणि आठ खोल्या आहेत. आणि ज्यांच्या मनात कधी आलं असेल की गाठीला चार पैसे आहेत, एखादी खोली घेऊन भाड्याने द्यावी, त्यांनी तर कान जरा जास्तच द्यावा. गोष्ट गोड आहे, पण तिच्यात शहाणपणाचा मिठाचा खडाही आहे.

लालबागला, गिरणीच्या मागच्या फाटकासमोर, बकुळाची खानावळ होती. नवरा धोंडू त्याच गिरणीत साचेखात्यात, मागावर होता. छातीचं दुखणं घेऊन तो गेला तेव्हा बकुळा तिशीतली. गावाला परत जा म्हणणारे पुष्कळ भेटले. ती गेली नाही. धोंडूच्याच खात्यातल्या माणसांना जेवायला घालायला तिने सुरुवात केली आणि बघता बघता पाळीपाळीने पंगती उठायला लागल्या. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोमवारी वालाची उसळ. संपाच्या दिवसांतही तिने कोणाच्या पुढ्यातलं ताट ओढलं नव्हतं, आणि याचा तिला अभिमान होता. तो तिने कधी लपवला नाही. देवाने हात दिले ते भाकरी थापायला आणि टाळी वाजवायला, असं ती म्हणायची. कारण संध्याकाळची भांडी घासून झाली की बाई पदर नीट करून दादरला राममंदिरात कीर्तनाला हजर. खांबाजवळची जागा तिची. तिथे दुसरं कोणी बसलं तर बुवासुद्धा अडखळायचे.

पण हात आहेत तोवर भाकरी. हात थकल्यावर काय? हा प्रश्न तिला चाळिशी उलटल्यावर छळायला लागला. कोणी म्हणे सोनं कर, कोणी म्हणे गावाला जमीन घे. बकुळाने रोज ताटावर बसणाऱ्यांची बोलणी ऐकली होती. त्यात भात कच्चा की पक्का हा विषय एकदा निघायचा आणि खोली मिळत नाही हा विषय दहादा. तिने ठरवलं, घ्यायच्या तर खोल्या.

कीर्तनाला गिरगावाहून एक नाना यायचे. काळी टोपी, बगलेत छत्री, अंगाने पापडासारखे. सारा जन्म त्यांनी एका शेठच्या चाळींची भाडी गोळा करण्यात घालवला होता, आणि आता निवृत्त झाल्यावर बुवांच्या चुका गोळा करायचे. एकदा कीर्तन सुटल्यावर देवळाच्या पायरीवर चपला शोधता शोधता बकुळाने विषय काढला.

“नाना, मला चाळ घ्यायची आहे.”

“कोणाची?”

“कोणाची म्हणजे? माझीच.”

“तुझी नंतर होईल गं. आज कोणाची आहे? विकणाऱ्याचीच आहे, की त्याच्या काकाची नि पुतण्याचीही आहे? खालची जमीन कोणाची? आधी हे विचार. भिंतीला चुना किती चांगला लागलाय ते मागाहून बघ.”

चाळ होती भोईवाड्यात. चाळ कसली, म्हशींचा जुना तबेला. म्हशी शहराबाहेर हलल्यावर मालकाने आत भिंती घालून एका ओळीत आठ खोल्या पाडल्या होत्या. मालक म्हातारा, मुलं आफ्रिकेत. त्याला मोकळं व्हायचं होतं. बकुळाला ती ओळ बघताक्षणी आवडली. नानांना दाखवायचं म्हटलं तर ते पहाटे, नळ यायच्या वेळेला येतो म्हणाले. आले ते बरोबर बादली घेऊन. भिंती, दारं, कौलं, काही बघायच्या आधी त्यांनी बादली नळाखाली ठेवली आणि ती भरेपर्यंत अख्खं रामरक्षा स्तोत्र म्हटलं.

“अर्ध्या स्तोत्रात भरली असती तर बरं होतं,” ते म्हणाले. “पण भरली. माणूस अंधाऱ्या खोलीत राहील, बिनपाण्याच्या खोलीत राहणार नाही. राहिला तर रोज भांडेल, आणि भांडण तुझ्या दारात येईल.”

मग त्यांनी संडास बघितले, मोरीचं पाणी जातं कुठे ते बघितलं. भिंतीवर ढोपराच्या उंचीवर एक मळकट रेघ होती. तिला बोट लावून ते म्हणाले की आषाढात इथवर पाणी चढतं. तेव्हा जोतं उंच करायचा खर्च किमतीतून कापून माग, लाजू नकोस. कोपऱ्यावरच्या वाण्याशी तंबाखूच्या निमित्ताने गप्पा मारून त्यांनी मालकाचं घराणं, जुनी भांडणं, सगळं काढून घेतलं. वकिलाची फी वाचवायचा बकुळाचा विचार होता, तो ऐकून मात्र ते चिडले. भाकरी जळली तर दुसरी थापशील, म्हणाले, खरेदीखत जळकं निघालं तर जन्म जाईल.

परत येताना एका उपाहारगृहात बसून नानांनी तिला हिशेब शिकवला, तोही त्यांच्या तऱ्हेने. वर्षाचं भाडं बारा महिन्यांचं धरायचं नाही. एक महिना कौलांचा नि चुन्याचा, एक महिना रिकाम्या खोलीचा. उरलं ते तुझं, आणि पतपेढीचा हप्ता त्या उरलेल्यातूनच गेला पाहिजे. भाड्याचा दिवस गिरणीच्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठेव. तिसऱ्या दिवशी पगार कुठे असतो ते तुला खानावळवालीला सांगायला नको. पागडी घेऊ नकोस. कायद्याने गुन्हा आहेच, पण आज मूठभर घेतलंस की खोली नावाला तुझी. भाडं घ्यायला जाशील तेव्हा भाडेकरूच्या घरी चहा पिऊ नकोस. चहा प्यायचाच तर दुसऱ्या दिवशी जा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे—

“कीर्तनाला पूर्वरंग असतो नि उत्तररंग असतो ना? घर घेणं हा पूर्वरंग. भाडेकरू हा उत्तररंग. बरेच लोक पूर्वरंग संपला की आरती समजून घरी जातात. तू जाऊ नकोस. आठ खोल्या आहेत, त्या आठ तऱ्हेच्या माणसांना दे. एका गावच्यांना, एका गिरणीच्यांना देऊ नकोस. आणि जो खोलीत राहतो त्याच्या नावाने पावती फाड.”

बकुळाने मान डोलावली. त्यातलं बाकी सगळं तिने पाळलं. जोत्याचा खर्च कापून घेतला, वकील गाठला, हातातल्या पाटल्या मोडल्या, पतपेढीचं कर्ज काढलं, आणि सत्तावन्न सालच्या दसऱ्याला तबेल्याच्या चाळीला झेंडूचं तोरण लागलं. त्या दिवशी बकुळा चाळीसमोरच्या रस्त्यावरून तीनदा उगाच गेली. आपल्याच चाळीकडे परक्यासारखं बघायला किती छान वाटतं, ते तिला तेव्हा कळलं.

आणि मग दत्ताराम आला.

दत्ताराम घाणेकर हा तिच्या सासरचा, पालखणवाडीचा. मुंबईतल्या पालखणवाडी ग्रामस्थ मंडळाचा तो प्रमुख. आमच्या कोकणी माणसांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: गावचं मंडळ मुंबईत एखादा गाळा घेतं, त्यात गावचे बापये, म्हणजे पुरुषमाणसं, पाळीपाळीने राहतात, वर्गणी काढतात, आणि कोणी राहायचं, कोणी निघायचं ते मंडळ ठरवतं. दत्ताराम नारळ घेऊन आला, धोंडूच्या तसबिरीला हात जोडले आणि म्हणाला, “वयनी, गावची सून मालकीण झाली. आता गावाने रस्त्यावर का राहायचं?” आठही खोल्या मंडळाला दे, म्हणाला. दर महिन्याला सगळं भाडं मी एका ताटात घालून आणून देतो. तुला दारोदार फिरायला नको, कोणाचं तोंड बघायला नको. पावती फाड एकच, मंडळाच्या नावाची.

मंडळी, ही चूक तुमच्याआमच्यातलाच माणूस करील. परक्याला ती सुचायचीही नाही. सासरचं गाव दारात येऊन मालकीणबाय म्हणतंय, त्याला नाही कसं म्हणायचं? बकुळा फुलून गेली. नानांना तिने चार दिवस उशिरा सांगितलं. नानांनी नुसती छत्री एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली.

वर्षभर सगळं कसं सुतासारखं सरळ. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ताट यायचं, वर हळदकुंकू वाहिलेलं. दत्ताराम स्वतः पाचव्या खोलीत राहायला आला, बायकामुलं गावाहून आली, खोल्यांत चुली पेटल्या, अंगणात तुळस लागली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीच्या भिंतीवर ‘मुंबई आमची’ गेरूने लिहिलेलं, आणि शिवाजी पार्कच्या सभेला चाळ अशी निघायची जशी काही वरात. पुढे दत्ताराम, घोषणा द्यायला त्याचा आवाज म्हणजे शंख. एवढंच एक झालं की शिमग्याला आणि गणपतीला आठच्या आठ खोल्यांना कुलपं लागायची. सगळं गाव एकदम गावाला. गणपतीत बकुळा एकटी चाळीच्या पायरीवर बसली तेव्हा तिला कुठेतरी खटकलं, पण तेवढंच.

अठ्ठावन्नच्या दिवाळीत शेवटच्या खोलीतला म्हातारा कायमचा गावी गेला. त्याच आठवड्यात भिवा तांबे खोली विचारायला आला. रे रोडला लाकडाच्या वखारीत कारकून, बायको चंपा इस्पितळात आया, एक शाळकरी मुलगी. नायगावच्या बीडीडी चाळीत भावाच्या खोलीत सगळी दाटीवाटीने राहत होती. पांढरा सदरा, खिशाला पेन. दारात उभं राहून त्याने ‘जयभीम’ म्हटलं. बकुळाने ‘राम राम’ म्हटलं. त्याने नळ किती वाजता येतो ते विचारलं, संडास बघितले, भिंतीवरची रेघही बघितली, आणि जोतं कधी उंच केलं ते विचारलं. बकुळाला वाटलं, याला नानांनीच शिकवून पाठवलंय. तिने विसार घेतला आणि रविवारी किल्ली देते म्हणाली.

शनिवारी दत्ताराम आला. हळू आवाजात बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचं म्हणणं असं की माणसं चांगली असतील, त्याबद्दल काही नाही. पण चाळीत नळ एक आहे, वयनी. बायकांना पटायचं नाही. गावाला काय सांगू? ती खोली मंडळाच्या पोराला दे. नाहीतर पुढच्या महिन्यात ताट येणार नाही.

खरं सांगायचं तर बकुळाच्याही मनात तो नळ येऊन गेला होता. खानावळीत नवीन माणूस ताटावर बसला की ‘गाव कुठलं’ हा प्रश्न ती का विचारायची, ते तिचं तिला माहीत होतं. त्या संध्याकाळी ती कीर्तनाला गेली. बुवांनी आख्यान लावलं होतं देव भक्ताच्या घरी पाणी भरतो त्याचं. सगळं मंदिर डोळे पुसत होतं. बकुळाही पुसायची, दर वेळी. त्या दिवशी मात्र तिचे डोळे कोरडे राहिले आणि कान तापले. देवाने कावड उचलली की आम्ही रडतो, आणि नळावर माणूस आला की घागर उचलून बाजूला होतो. मग एवढी वर्षं खांबाजवळ बसून काय ऐकलं, असं तिला झालं.

रविवारी भिवा आला. त्याच्या कानावर सगळं गेलेलं होतं.

“बाई,” तो म्हणाला, “द्यायची नसेल तर विसार परत द्या, मी रागावणार नाही. द्यायची असेल तर आज द्या. आणि उपकार म्हणून नको. भाडं देतो, पावती माझ्या पूर्ण नावाने फाडा.”

बकुळाने कनवटीची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. मग पावती लिहायला बसली. भिवा लक्ष्मण तांबे, खोली नंबर आठ. तबेल्याच्या चाळीत माणसाच्या नावाने फाटलेली ही पहिली पावती. भिवाने ती दोनदा वाचली, घडी केली आणि पेनामागे खिशात ठेवली.

पुढच्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी ताट आलं नाही.

आता बघा तिची अवस्था. पतपेढीचा हप्ता तोंडावर. हा चुकला तर पुढचा चुकणार, आणि दोन चुकले की चाळ पतपेढीची. खानावळीच्या मिळकतीत एवढा जोर नव्हता. म्हातारपणाची सगळी सोय, धोंडूच्या मागे एकटीने थापलेली एकूण एक भाकरी त्या आठ खोल्यांत होती. आणि त्यांतल्या सातांचं भाडं दत्तारामच्या एका शब्दावर बंद झालं होतं. ती गिरगावला नानांकडे गेली. नानांनी ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. त्याबद्दल त्यांना सद्गती मिळाली असेल. त्यांनी एवढंच विचारलं, “बकुळा, मंडळ खोलीत राहतं का गं? मंडळ चूल पेटवतं?”

बकुळा तिथून उठली ती थेट कागदवाल्याच्या दुकानात. नवं पावतीपुस्तक घेतलं, शाईचा पेन घेतला, आणि भर दुपारी, बायका घरात असतील अशा वेळी, भोईवाड्यात आली. पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. तिचं म्हणणं एकच: आजपासून मंडळाची पावती बंद. जो राहतो त्याचं नाव पावतीवर. भाडं माझ्या हातात द्या, नावाची पावती घ्या, आणि मग तुम्हाला या खोलीतून मंडळ काढू शकणार नाही नि मीसुद्धा उगाच काढू शकणार नाही. कायदाच तसा आहे.

पहिली खोली म्हणाली, पैसे दत्तारामकडे दिलेत. दुसरीनेही तेच सांगितलं. तिसरीने दार अर्धंच उघडलं. चौथीत मालनआजी होती, ती म्हणाली, “वयनी, तुमचा पाय पडला, बसा, च्या घ्या.” बकुळाने तोही घेतला नाही.

पाचवी दत्तारामची, ती तिने ओलांडली. सहाव्या खोलीत कांता होती.

कांता शिगवण, पंचविशीची असेल. नवरा रघु बेळगावच्या सीमासत्याग्रहाला तुकडीबरोबर गेला होता आणि तिकडेच तुरुंगात होता. तो गेला त्या दिवशी चाळीने त्याला हार घातले होते. पण रघुचा पगार बंद झाला, आणि मंडळाचा नियम असा की कमावता माणूस नसेल तर खोलीतली जागा गावच्या दुसऱ्या कमावत्याला द्यायची. दत्तारामने तिला सांगून ठेवलं होतं: रघु सुटेपर्यंत तू गावाला जा, इथे दोन पोरं घालतो. कांता गेली नव्हती. गिरणीतल्या चिंध्या आणून गोधड्या शिवायची आणि आपल्या वाट्याचं भाडं भरायची. या महिन्यात गोधड्यांचे पैसे उशिरा आले, म्हणून ते अजून तिच्याच डब्यात होते. बाकीच्यांचे दत्तारामच्या पेटीत गेले होते.

बकुळाने सगळं सांगितलं. कांताने गोधडीत सुई खोचून ठेवली.

“वयनी, त्या आठ नंबरच्या भाऊजींना दिलीत तशीच पावती?”

तिला माहीत होतं. नळावर चंपाने तिला दाखवली होती. म्हणजे नळावर बोलणं झालं होतं, आणि नळ काही बाटला नव्हता.

“तशीच,” बकुळा म्हणाली. “रघुच्या नावाने फाडते.”

“ते तुरुंगात आहेत. खोलीत मी आहे. माझ्या नावाने होईल?”

बकुळाने तिच्याकडे बघितलं. अशी पावती तिने कधी बघितली नव्हती, ऐकलीही नव्हती. पण चाळ बाईच्या नावावर होऊ शकते तर खोली का नाही?

तेवढ्यात दत्ताराम आला. कोणीतरी त्याला खात्यातून बोलावून आणलं होतं. अर्धी चाळ त्याच्या मागे. तो कांताला म्हणाला, विचार कर, रघु सुटला की त्याला मी काय सांगू?

“सांगा, खोली हाय,” कांता म्हणाली. “सगळ्या महाराष्ट्रासाठी भांडायला गेलेत ना ते? मग मी एक खोली राखली, तर त्यांना राग कशाला येईल?”

मागे कोणीतरी हसलं. कांताने डबा उपडा केला, पैसे बकुळाच्या पदरात घातले, आणि बकुळाने तिथेच उंबऱ्यावर बसून लिहिलं: कांता रघुनाथ शिगवण, खोली नंबर सहा. कांताला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद मालनआजीच्या नातवाकडे दिला आणि सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायला लावला. तुरुंगातल्या नवऱ्याचे हार ज्या खुंटीवर सुकत होते तिथेच तिने तो टोचून ठेवला.

मुंबईत राहणाऱ्या माणसाला विचारा, आपल्या नावाचा असा एक कागद म्हणजे काय. रेशनकार्ड त्यावर, पोराची शाळा त्यावर, उद्या कोणी ‘ऊठ’ म्हणालं तर ‘का?’ विचारायची हिंमत त्यावर. आजवर जो तो मंडळाच्या मर्जीने राहत होता. आता सहा नंबरच्या कांताकडे कागद होता, आठ नंबरकडे कागद होता, आणि मधल्या सात नंबरवाल्याला रात्री झोप कशी लागणार? दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तारामच्या दारात रांग लागली. आमचं भाडं परत दे, आम्हाला पावती घ्यायची आहे. दत्तारामने पेटी उघडली. एक पैसा कमी नव्हता. माणूस हट्टी होता पण हाताचा स्वच्छ होता, आणि बकुळाने नंतर कोणाकडे त्याची निंदा केली नाही. ज्याचे त्याला त्याने मोजून दिले.

सगळे काही सरळ झाले नाहीत. पहिल्या खोलीतली माणसं नळाचं कारण सांगून शिवडीला निघून गेली. दत्तारामही महिन्याभराने शीवला राहायला गेला. हप्त्याला थोडे कमी पडले ते बकुळाने खानावळीतून घातले आणि त्या महिन्यात वालाची उसळ जरा जास्त वेळा झाली. जेवणारे कुरकुरले, पण खाल्ली. रिकाम्या दोन खोल्यांपैकी एक गेली छापखान्यात काम करणाऱ्या एका घाटावरच्या माणसाला, दुसरी माझगावच्या गोदीतल्या एका मालवणी फिटरला. पुढच्या शिमग्याला चाळीत चार दारांना कुलपं होती आणि चार दारं उघडी. हप्ता वेळेवर गेला.

बकुळा आता पगाराच्या दुसऱ्या दिवशी स्वतः आठ दारं फिरते. प्रत्येक दारात उभी राहून नाव उच्चारते, लिहिते, कागद फाडून हातात देते. आठ आडनावं, तीन गिरण्या, एक गोदी, एक वखार, एक छापखाना. कोणी विचारलं की काय कमावलंत बाई, तर ती भाडं सांगत नाही. ती नावं सांगते, पहिल्यापासून आठव्यापर्यंत, आणि सांगताना तिची मान अशी ताठ होते की पदर खांद्यावरून घसरतो.

रघु सुटून आला तेव्हा चाळीने पुन्हा हार आणले. त्याने ते गळ्यात घेतले, खोलीत आला, खुंटीवरचा कागद वाचला आणि बाहेर येऊन गळ्यातला एक हार काढून कांताच्या गळ्यात घातला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चंपाने टाळी वाजवली.

तर मंडळी, बुवा उठले, आता भजन सुरू होईल. तुम्ही उद्या घर घ्या, खोली घ्या, भाड्याने द्या. देव तुम्हाला बरकत देवो. नळ बघा, जमीन बघा, हिशेब दहाच महिन्यांचा धरा. पण पावती फाडायला पेन उचलाल तेव्हा सहा नंबरची कांता शिगवण एकदा आठवा. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठे असलं पाहिजे ते तिला बरोबर कळलं होतं.